‘सुरक्षित संपर्क होऊ शकला नाही’: पडताळणी बंद न करता दोष कसा शोधायचा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एकच एरर चार वेगवेगळ्या मशीनवर पाहिली, आणि चारही ठिकाणी कारण वेगळं निघालं. कमांड नेमकी कशी टाइप करायची ते व्हिडिओत पडद्यावर आहे, तिथे थांबवून थांबवून बघा. इथे मी त्यामागचा विचार लिहितोय: कुठून सुरुवात करायची, काय बघायचं, आणि काय अजिबात करायचं नाही. वही जवळ ठेवा. शेवटी गृहपाठ आहे.

गोष्ट कुठून सुरू झाली

आपल्या पेठ तालुक्यातल्या एका महिला बचतगटाचं नागलीच्या पापडांचं आणि बिस्किटांचं काम आहे. ऑर्डर बहुतेक नाशिकहून येतात. आजवर सगळा कारभार फोनवर आणि वहीत चालायचा. आमच्या वर्गातल्या एका मुलाने त्यांच्यासाठी अ‍ॅप करायला घेतलं. गिऱ्हाइकाने माल निवडायचा, पत्ता टाकायचा, शेवटी गटाचा यूपीआय आयडी दिसतो, त्यावर पैसे पाठवायचे. हा यूपीआय आयडी अ‍ॅपमध्ये लिहिलेला नाही, तो सर्व्हरवरून येतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गणपतीच्या आधी अ‍ॅप हातात द्यायचं ठरलं होतं. पण पेठमध्ये फोनवर टाकलं की एकच उत्तर: ‘सुरक्षित संपर्क होऊ शकला नाही.’ मुलगा म्हणाला, “सर, नाशिकला सगळं व्यवस्थित चालत होतं. इथल्या रेंजचाच प्रॉब्लेम आहे.” आता पावसाळ्यात पेठची रेंज कशी असते ते तुम्हाला सांगायला नको, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं.

दोन दिवसांनी तो आनंदाने आला. “सर, झालं! एका ओळीत सुटलं.” मी ती ओळ बघितली. त्याने प्रमाणपत्राची पडताळणीच बंद करून टाकली होती. इंटरनेटवर ही एरर शोधली की दर दुसऱ्या ठिकाणी हाच उपाय सांगतात. एरर गेली, अ‍ॅप चाललं, सगळे खूश. मी मात्र ते अ‍ॅप द्यायचं थांबवलं. का, ते आधी समजून घेऊ.

ती एक ओळ काय करते

आपल्या अ‍ॅपच्या पत्त्यात ‘एचटीटीपी’पुढे जो ‘एस’ असतो, त्याच्या मागे टीएलएस नावाची पद्धत काम करते. पूर्वी तिला एसएसएल म्हणायचे, आणि बाजारात अजूनही लोक ‘एसएसएल घेतलं का’ असंच विचारतात. टीएलएस मुख्यतः दोन कामं करतं. पहिलं, बोलणं गुप्त ठेवतं आणि वाटेत कुणी बदललं तर पकडतं. दुसरं, समोरचा खरंच तोच आहे का याची ओळख पटवतं.

पडताळणी बंद केली की दुसरं काम जातं. आणि दुसरं गेलं की पहिल्याला अर्थ उरत नाही. खोलीचं दार आतून घट्ट लावलं, पण आत आपल्याबरोबर कोण बसलंय ते बघितलंच नाही, तर त्या कडीचा काय उपयोग?

आता तो यूपीआय आयडी आठवा. समजा गिऱ्हाईक बसस्टँडवर किंवा लॉजवर कुणाच्या तरी फुकट वायफायला जोडलेलं आहे. त्या वायफायवाल्याने मध्ये बसून स्वतःचं बनावट प्रमाणपत्र पुढे केलं. पडताळणी चालू असेल तर अ‍ॅप तिथेच थांबतं. पडताळणी बंद असेल तर अ‍ॅप त्यालाच सर्व्हर समजतं. त्याने यूपीआय आयडी बदलून स्वतःचा टाकला, तर पैसे त्याच्याकडे जातील. गिऱ्हाईक म्हणणार मी पैसे दिले, गटातल्या ताई म्हणणार आम्हाला आलेच नाहीत. आणि अ‍ॅपमध्ये कुठेही एरर दिसणार नाही.

‘असं कोण करतंय आपल्याकडे’ असं वाटत असेल तर आपल्याच देशातलं एक उदाहरण सांगतो. जुलै २०१४ मध्ये गूगलला आढळलं की त्यांच्या काही डोमेनच्या नावाने त्यांना न विचारता प्रमाणपत्रं निघाली आहेत. ती एनआयसी, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या यंत्रणेतून निघाली होती. एनआयसीच्या वर असलेल्या सीसीए या सरकारी नियंत्रकाचं मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या विश्वासू यादीत होतं, म्हणून विंडोजवरचे पुष्कळ प्रोग्राम ती बनावट प्रमाणपत्रं खरी मानू शकले असते. सीसीएने एनआयसीची ती मधली प्रमाणपत्रं लगेच रद्द केली, आणि पुढे क्रोमने सीसीएच्या मूळ प्रमाणपत्रावरचा विश्वास मोजक्या भारतीय डोमेनपुरताच ठेवला. तिथे प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेतच घुसखोरी झाली होती. पडताळणी बंद असलेल्या अ‍ॅपला फसवायला तेवढेही कष्ट लागत नाहीत. घरच्या लॅपटॉपवर दोन मिनिटांत बनवलेलं प्रमाणपत्रसुद्धा ते मान्य करतं.

म्हणूनच गूगल प्ले २०१६ पासून अशी पडताळणी मोडून टाकलेली अ‍ॅप अडवतं. म्हणजे ती ओळ ठेवून अ‍ॅप प्ले स्टोअरवर टाकायला गेलो असतो, तरी ते परत आलं असतं.

आधी दाखल्याचं उदाहरण

दोष शोधायचा तर प्रमाणपत्र तपासतात कसं हे डोक्यात स्पष्ट हवं. आपल्याला सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घेऊ, उत्पन्नाचा दाखला.

तुम्ही नाशिकच्या कॉलेजात दाखला दिला. खिडकीवरचा क्लार्क काय बघतो? दाखल्यावर नाव तुमचंच आहे का. मुदत आहे का, कारण उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो. सही-शिक्का कुणाचा आहे. आता त्या क्लार्कची पेठच्या तहसीलदारांशी काही ओळख नाही. पण तहसीलदाराला अधिकार शासनाने दिलाय, आणि शासनाला तो ओळखतो. म्हणून दाखला चालतो.

टीएलएसमध्ये अगदी हेच. सर्व्हरचं प्रमाणपत्र म्हणजे तुमचा दाखला. त्यावर सही करणारं मधलं प्रमाणपत्र म्हणजे तहसीलदार. आणि फोनमध्ये आधीपासून भरलेली विश्वासू मूळ प्रमाणपत्रांची यादी म्हणजे क्लार्कच्या ओळखीचं शासन. फोन चार प्रश्न विचारतो:

१. प्रमाणपत्रावरचं नाव आणि मी ज्या पत्त्यावर आलो ते नाव एकच आहे का?
२. आजची तारीख मुदतीत बसते का?
३. सहीची साखळी मूळापर्यंत जुळते का?
४. ते मूळ माझ्या यादीत आहे का?

यातला एक जरी प्रश्न नापास झाला तरी अ‍ॅप वापरणाऱ्याला बहुतेक वेळा एकच वाक्य दाखवतं. म्हणून त्या वाक्यावर विसंबायचं नाही. कुठला प्रश्न नापास झाला ते आपण शोधायचं.

पायरी १: गाडी कुठल्या थांब्यावर अडली?

नाशिकहून निघालेली एसटी पेठला आली नाही म्हणजे ती सावळघाटातच अडली असं नसतं. कदाचित स्टँडवरूनच निघाली नसेल. तसंच इथे. जोडणीचे चार थांबे असतात: नाव शोधणं, दार उघडणं, टीएलएसचं हस्तांदोलन, आणि मग खरी मागणी.

कर्ल नावाचं छोटं साधन जवळजवळ सगळ्या मशीनवर मिळतं. ते अडलं की एक आकडा देतं. हे आकडे वहीत लिहून ठेवा:

६ आला: नावच सापडलं नाही. डीएनएस बघा, स्पेलिंग बघा.
७ आला: सर्व्हरचं दार उघडलं नाही. सर्व्हर बंद आहे, किंवा ४४३ नंबरचं पोर्ट अडवलेलं आहे.
२८ आला: ठरलेल्या वेळेत काम झालं नाही.
३५ आला: हस्तांदोलन मध्येच फिसकटलं. आवृत्ती जुळली नाही, किंवा समोर टीएलएस बोलणारं कुणी नाहीच.
६० आला: हस्तांदोलनात प्रमाणपत्र मिळालं, पण ते पटलं नाही.

आणि समोरून ४०१, ४०४ किंवा ५०० असा कोड आला, तर त्याला उत्तर देणाऱ्यापर्यंतचं टीएलएस ठीक चाललंय. तो लॉगिनचा, पत्त्याचा किंवा सर्व्हरच्या प्रोग्रामचा दोष आहे. तिथे प्रमाणपत्राशी झटापट करू नका. मी लोकांना ५०० ची एरर बघून नवीन एसएसएल विकत घेताना पाहिलंय!

आमच्याकडे आकडा आला ६०. म्हणजे दोष रेंजचा नव्हता. रेंज खराब असती तर ६, ७ किंवा २८ आला असता. एका आकड्याने दोन दिवसांचा समज खोटा ठरला.

पायरी २: एकावेळी एकच गोष्ट बदला

मी मुलाला विचारलं, “नाशिकला चाललं म्हणतोस, ते कशात चाललं?”

“ब्राउझरमध्ये, सर. लॅपटॉपवर.”

“आणि इथे?”

“अ‍ॅपमध्ये. फोनवर.”

बघा, गाव बदललं, मशीन बदललं आणि प्रोग्रामही बदलला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष गावाच्या माथी मारला. तेच अ‍ॅप नाशिकला फोनवर टाकून बघितलं असतं तर तिथेही अडलं असतं. तोच पत्ता पेठमध्ये ब्राउझरमध्ये उघडला तर व्यवस्थित उघडला. म्हणजे फरक होता ब्राउझर आणि अ‍ॅप यांच्यात.

आता तपासाची खरी जागा सापडली.

पायरी ३: साखळीतला हरवलेला दुवा

ओपनएसएसएल या साधनात एस-क्लायंट नावाची सोय आहे. सर्व्हरने नेमकी कोणती प्रमाणपत्रं पाठवली आणि पडताळणीत काय निघालं, ते ही सोय दाखवते. सर्व्हरचं नाव सांगणारा पर्याय कमांडमध्ये द्यायला विसरू नका. एकाच सर्व्हरवर अनेक साइट असतात, आणि नाव सांगितलं नाही तर भलत्याच साइटचं प्रमाणपत्र समोर येऊ शकतं.

आम्हाला दिसलं: साखळीत एकच प्रमाणपत्र, आणि खाली पडताळणीचा कोड २१. म्हणजे ‘पहिल्याच प्रमाणपत्राची खात्री करता येत नाही’. दाखला होता, पण तहसीलदाराचा अधिकार सांगणारा कागद जोडलेलाच नव्हता.

मग ब्राउझरमध्ये कसं चाललं? ब्राउझर जरा हुशार असतात. हरवलेलं मधलं प्रमाणपत्र ते पुष्कळदा स्वतः शोधून आणतात, किंवा आधीपासून साठवलेलं वापरतात. अ‍ॅप आणि प्रोग्राम सहसा असं करत नाहीत. सर्व्हरने जे दिलं त्यावरच त्यांना निकाल द्यायचा असतो. म्हणून ‘ब्राउझरमध्ये हिरवं दिसतंय’ हा पुरावा धरू नका.

दुरुस्ती सोपी निघाली. आमचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचं, फुकट मिळणारं. ते घेताना ज्या फाइल तयार होतात त्यात या दोन असतात: एकीत फक्त आपलं प्रमाणपत्र, दुसरीत आपलं आणि मधलं दोन्ही. दुसरीच्या नावात ‘फुलचेन’ असतं. मुलाने सर्व्हरला पहिली फाइल दिली होती. फाइलचं नाव बदललं, सर्व्हर रीलोड केला, कोड ० आला. शून्य म्हणजे सगळं जुळलं. ती पडताळणी बंद करणारी ओळ काढून टाकली, तरी अ‍ॅप चाललं.

दोन दिवस अडलेलं काम एका फाइलच्या नावावर सुटलं. पण गोष्ट इथे संपली नाही.

पायरी ४: ताईंचा जुना फोन

गटाच्या अध्यक्ष ताईंच्या फोनवर तीच एरर अजून येत होती. बाकी सगळ्या फोनवर ठीक. “माझाच फोन खराब आहे का रे?” त्यांनी विचारलं. फोन खराब नव्हता, जुना होता. अँड्रॉइड ६.

इथे चौथा प्रश्न नापास होत होता, मूळ यादीत आहे का? लेट्स एन्क्रिप्टचं मूळ प्रमाणपत्र आहे आयएसआरजी रूट एक्स १. ते अँड्रॉइडच्या यादीत ७.१.१ या आवृत्तीपासून आलं. त्याआधीच्या फोनना ते माहीतच नाही. जुन्या फोनची सोय व्हावी म्हणून लेट्स एन्क्रिप्टने दुसऱ्या एका जुन्या, सर्वत्र ओळखीच्या मूळाची सही घेऊन ठेवली होती. ते जुनं मूळ ३० सप्टेंबर २०२१ ला मुदतीबाहेर गेलं. त्या दिवशी जगभर अनेक सेवा अडल्या, आणि त्यात फक्त जुने फोन नव्हते. ओपनएसएसएल १.०.२ सारखी जुनी आवृत्ती वापरणारे सर्व्हरही अडकले, कारण नवीन मूळ यादीत असूनही ती मुदत संपलेल्या वाटेने जाऊन अडायची. जुन्या अँड्रॉइडसाठी केलेली खास व्यवस्थाही सप्टेंबर २०२४ नंतर राहिली नाही.

यावर उपाय दोन. एक, जुन्या फोनना ओळखीचं मूळ असलेल्या दुसऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र घ्यायचं. दोन, आपल्या अ‍ॅपमध्येच ते एक मूळ प्रमाणपत्र जोडून द्यायचं. आम्ही दुसरा उपाय केला. अँड्रॉइड ७ पासून हे नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिग नावाच्या फाइलमध्ये लिहिता येतं. त्याहून जुन्या फोनसाठी ते कोडमध्ये करावं लागतं, ओकेएचटीटीपी लायब्ररीत त्याची सोय आहे. मूळ प्रमाणपत्र संस्थेच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्यायचं आणि त्याचा अंगठा, म्हणजे फिंगरप्रिंट, जुळवून बघायचा.

फरक लक्षात आला का? पडताळणी बंद करणं म्हणजे ‘कुणीही आलं तरी आत घे’. मूळ जोडणं म्हणजे ‘या एका शिक्क्याला ओळख, बाकीच्यांना नाही’. पुष्कळ जण या दोन्हीला एकच समजतात, आणि तिथेच घात होतो.

पायरी ५: घड्याळ

गटाच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यावर ऑर्डरचा हिशोब खेचणारा छोटा पायथनचा प्रोग्राम टाकला होता. तो सकाळी अडायचा, दुपारी चालायचा. मुलगा परत म्हणाला, “सर, रेंज!”

इथे ओपनएसएसएलचा कोड आला ९: ‘प्रमाणपत्राची मुदत अजून सुरू झालेली नाही.’ खालच्या कोपऱ्यात तारीख बघितली तर कॉम्प्युटर काही वर्षं मागे होता. पावसाळ्यात रात्री लाइट जाते. मदरबोर्डवरचा बटणासारखा छोटा सेल संपला होता, त्यामुळे लाइट गेली की घड्याळ मागे जायचं. दुपारी कुणीतरी येऊन तारीख दुरुस्त करायचं, मग प्रोग्राम चालायचा. सीआर २०३२ नावाचा तो सेल बदलला, वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं सेटिंग केलं, काम संपलं.

म्हणून आमच्या वर्गात नियम आहे: प्रमाणपत्राची एरर आली की पहिल्यांदा घड्याळ बघायचं. त्याला पाच सेकंद लागतात.

पायरी ६: वेळेचा हिशोब

शेवटचा त्रास पाड्यांवरचा होता. काही पाड्यांवर अ‍ॅप कधी चालायचं, कधी नाही. इथे आकडा आला २८. म्हणजे यावेळी खरंच रेंज! पण ‘रेंज’ म्हणून सोडून द्यायचं नाही, हिशोब करायचा.

फोनने प्रश्न विचारला आणि उत्तर परत आलं, याला एक फेरी म्हणू. चांगल्या नेटवर्कवर एक फेरी सेकंदाच्या दहाव्या भागात होते. पाड्यावर आम्ही मोजली तेव्हा ती ७०० मिलिसेकंदांच्या आसपास होती. आता मोजा:

नाव शोधायला १ फेरी.
दार उघडायला १ फेरी.
टीएलएस १.२ असेल तर हस्तांदोलनाला २ फेऱ्या.
खऱ्या मागणीला १ फेरी.

एकूण ५ फेऱ्या, म्हणजे साडेतीन सेकंद. आणि मुलाने अ‍ॅपमध्ये पूर्ण कॉलची मुदत ठेवली होती २ सेकंद, ‘एरर लवकर दिसावी म्हणून’. मग चालणार कसं?

दोन गोष्टी केल्या. मुदत २० सेकंद केली. आणि सर्व्हरवर टीएलएस १.३ चालू केलं. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या या आवृत्तीत हस्तांदोलनाला एकच फेरी लागते, म्हणजे साडेतीनचे २.८ सेकंद होतात. अँड्रॉइड १० पासून ती फोनमध्ये आपोआप चालू असते. जुन्या फोनसाठी १.२ ही राहू द्या. पण १.० आणि १.१ बंदच ठेवा, त्या दोन्ही मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद ठरल्या आहेत. शिवाय एकदा जोडलेली जोडणी लगेच तोडू नका, पुढच्या मागणीला तीच वापरा. मग त्या आधीच्या फेऱ्या परत परत कराव्या लागत नाहीत.

काम करताना, म्हणजे डेव्हलपमेंटमध्ये, काय करायचं?

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: “सर, अजून डोमेनच घेतलेलं नाही. सर्व्हर माझ्या लॅपटॉपवरच आहे. मग पडताळणी बंद केल्याशिवाय कसं करू?”

तेव्हाही नाही. कारण तात्पुरती म्हणून लिहिलेली ओळ काढायची राहून जाते, आणि तशीच गिऱ्हाइकापर्यंत जाते. त्याऐवजी हे करा.

एक. एमकेसर्ट नावाचं फुकट साधन घ्या. ते तुमच्या लॅपटॉपपुरतं छोटंसं मूळ प्रमाणपत्र तयार करतं आणि त्याच्या सहीने लोकलहोस्ट किंवा घरच्या वायफायवरच्या आयपी पत्त्यासाठी प्रमाणपत्र देतं. बाहेरच्या संस्था अशा खाजगी पत्त्यांना प्रमाणपत्र देत नाहीत. या मूळाची गुप्त किल्ली कुणालाही देऊ नका, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच नाही.

दोन. फोन किंवा एम्युलेटरवर तपासताना लक्षात ठेवा, अँड्रॉइड ७ पासून सेटिंगमधून हाताने भरलेलं मूळ प्रमाणपत्र अ‍ॅप आपोआप मानत नाहीत. नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगमध्ये डीबग ओव्हरराइड्स असा भाग असतो, ते मूळ तिथे द्या. हा भाग फक्त डीबग बिल्डमध्ये लागू होतो. रिलीज बिल्डमध्ये तो आपोआप गळतो, विसरायची भीती नाही.

तीन. नाव जुळवा. एम्युलेटरमधून लॅपटॉप गाठायला १०.०.२.२ हा पत्ता वापरतात. प्रमाणपत्र लोकलहोस्टच्या नावाचं आणि तुम्ही गेलात १०.०.२.२ वर, तर पहिला प्रश्न नापास. एमकेसर्टला दोन्ही नावं एकदम द्या. नावाची तपासणी प्रमाणपत्रातल्या ‘पर्यायी नावं’ या रकान्यावरून होते. जुन्या पद्धतीने मुख्य नावाच्या रकान्यात लिहिलेलं क्रोम २०१७ पासून बघतच नाही. आणि एस-क्लायंट स्वतःहून नाव तपासत नाही, त्याला तसं सांगावं लागतं. मग नाव चुकलं असेल तर कोड ६२ येतो.

चार. ‘चुकीचा आवृत्ती क्रमांक’ अशी एरर आली तर बहुतेक वेळा तुम्ही साध्या एचटीटीपीच्या पोर्टवर टीएलएस बोलताय. पोर्ट नंबर बघा.

पाच. फक्त ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या नेटवर कोड १९ किंवा २० येतोय आणि घरी येत नाही? मग मध्ये तिथला फायरवॉल किंवा मशीनवरचा अँटिव्हायरस स्वतःचं प्रमाणपत्र घालत असेल. प्रमाणपत्रावर सही कुणाची आहे ते वाचा, लगेच कळतं.

मुदतीची वही

सगळं नीट झालं तरी एक दिवस प्रमाणपत्राची मुदत संपते, आणि ती नेमकी सणाच्या गर्दीत संपते. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. विकतची प्रमाणपत्रंही आता लहान होत चालली आहेत. एप्रिल २०२५ मध्ये ब्राउझरवाल्यांनी आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनी मिळून ठरवलं की कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस, आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. म्हणजे ‘वर्षातून एकदा आठवणीने करू’ हे दिवस संपले. नूतनीकरण आपोआप होईल असंच लावायचं. आणि नवीन फाइल आली की सर्व्हर रीलोड होतो का, तेही तपासायचं. नाहीतर फाइल नवी आणि सर्व्हर जुनीच दाखवतोय, असं होतं. मुदत संपली की कोड येतो १०.

वहीत लिहून घ्या

कोड ९: मुदत सुरू नाही. आधी घड्याळ बघा.
कोड १०: मुदत संपली. नूतनीकरण आणि रीलोड बघा.
कोड १८: प्रमाणपत्राने स्वतःच स्वतःवर सही केली आहे.
कोड १९: साखळीच्या टोकाचं मूळ ओळखीचं नाही.
कोड २० आणि २१: मधला दुवा किंवा मूळ सापडत नाही. फुलचेन बघा, मग मूळांची यादी बघा.
कोड ६२: नाव जुळत नाही.
कोड ०: सगळं ठीक. पण नाव तपासायला सांगितलं होतं का, ते आठवा.

गृहपाठ

बॅडएसएसएल डॉट कॉम नावाची साइट मुद्दाम बिघडलेली प्रमाणपत्रं सरावासाठी ठेवते: मुदत संपलेलं, चुकीच्या नावाचं, स्वतःच सही केलेलं, अनोळखी मूळाचं. तिच्यातले चार पत्ते घ्या. आधी ब्राउझरमध्ये उघडा, मग कर्लने, मग ओपनएसएसएलने. प्रत्येकाचा कोड वहीत लिहा. नंतर स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये पडताळणी बंद करणारी ओळ कुठे राहिली आहे का ते शोधा. सापडली तर लाजू नका, काढा आणि वरच्या पायऱ्यांनी खरं कारण शोधा.

बचतगटाचं अ‍ॅप ठरलेल्या दिवसाच्या चार दिवस उशिरा दिलं. ताई थोड्या नाराज होत्या, साहजिक आहे. पण मुलाने त्यांना यूपीआय आयडीची गोष्ट समजावून सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, “अरे, मग चार दिवस काय, आठ दिवस घे. पैसे आमच्याच खात्यात आले पाहिजेत.” गिऱ्हाइकाला टीएलएस कळायची गरज नाही, पण त्याच्या पैशांची काळजी आपल्याला कळली पाहिजे.

पुढच्या व्हिडिओत प्रमाणपत्राचं नूतनीकरण आपोआप कसं लावायचं ते करून दाखवतो. तोपर्यंत घड्याळ बघत राहा. भेटूया!